लॉर्ड बर्ट्रम यान्बूत

स्टोअरमध्ये आयुष्य गेलं माझं, त्यामुळे साठणाऱ्या गोष्टींबद्दल मला कुणी शिकवू नये. ऑर्डर एकाने दिलेली असते, तो फायनल एक्झिट घेऊन कायमचा गावी निघून जातो आणि त्याचा माल महिनाभराने माझ्या दारात येऊन पडतो. कशासाठी मागवला, कुणाला ठाऊक नसतं. पण फेकताही येत नाही. किस्स्यांचं यान्बूत तसंच होतं. माणूस जाताना फ्रीज विकतो, गाडी विकतो, कुंडीतली तुळस शेजारणीला देऊन जातो. किस्से मात्र मागे राहिलेल्यांच्या गळ्यात! आणि मागे राहण्यात माझा नंबर नेहमी पहिला.

माझं नाव हमीद मुकादम, गाव दाभोळ. सौदीत लाल समुद्राच्या काठावर यान्बू नावाचं बंदर आहे, तिथल्या एका पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये मी स्टोअरकीपर. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की आमची बैठक बसायची बर्वेसाहेबांकडे. बर्वे नाशिकचे, प्लँटमध्ये प्लॅनिंगचे हेड. कुठलं मशीन कधी बंद ठेवायचं, कधी उघडायचं, किती माणसं लावायची, हे सगळं ते ठरवणार. तिसरा सावंत, मुंबईचा, इन्स्ट्रुमेंटवाला. त्याची जीभ म्हणजे विचारू नका. वहिनी चहा टाकायच्या, मी बाजारातून मासे नेलेले असायचे, आणि आम्ही तिघं जगाचं काय चुकतंय ते ठरवायचो.

असे किती किस्से साठलेत म्हणून सांगू! पण आज एकाच माणसाचे सांगतो. खरं तर दोघांचे. दुसरा इंग्रज होता आणि आमच्या जन्माआधीच मेलेला होता.

*

तो आला इस्त्रीच्या टेबलापायी.

प्लँटमधला एक म्हातारा इंग्रज इंजिनिअर मायदेशी निघाला होता. अशा वेळी घरातलं सगळं सामान अंगणात मांडून विकायची पद्धत आहे. वहिनींनी त्याच्याकडे एक चांगलं इस्त्रीचं टेबल हेरून ठेवलं होतं. त्यांनी बर्वेसाहेबांना सकाळीच पिटाळलं. साहेब दुपारी परत आले ते काखेत एक विटेएवढं जाड पुस्तक घेऊन. टेबल कुणीतरी आधीच उचललं होतं.

"इस्त्रीचं टेबल आणायला पाठवलं, तर हे लॉर्डला घेऊन आले!" वहिनी आम्हाला सांगत होत्या. "आता ह्याच्यावर करू का इस्त्री?"

पुस्तकाची पहिली पंधरावीस पानं गायब. लेखक कोण, लॉर्डचं आडनाव काय, पत्ता नाही. नुसता लॉर्ड बर्ट्रम. कुठल्याशा ड्यूकचा धाकटा मुलगा. जमीन, हवेली, घोडे, सगळं थोरल्याला. धाकट्याच्या वाटणीला नावापुढचं 'लॉर्ड' तेवढं आलं, आणि करायला राजकारण. पहिल्या महायुद्धात पायाला गोळी लागून परत आला आणि वर्षभरात पार्लमेंटात निवडून गेला. बर्वेसाहेबांनी पहिल्या शुक्रवारी आम्हाला त्याची पहिली निवडणूक सांगितली. पंधरा गावं फिरला म्हणे लंगडत लंगडत. एका मतदाराने धड प्रश्न विचारला नाही. जो तो विचारायचा, वडिलांची तब्येत कशी आहे?

"म्हणजे वास्ता!" सावंत ओरडला. वास्ता म्हणजे आमच्याकडची वरची ओळख. ती असली की इथे अडलेलं काम सुटतं. "तिकडेही वास्ता होता तर! मला वाटलं, हा रोग इकडचाच."

"होताच," बर्वेसाहेब म्हणाले. "आणि त्याला त्याची लाज वाटायची. ते पुढे येतं."

मी मनात म्हटलं, आली का पंचाईत! दर शुक्रवारी आता हा लंगडा लॉर्ड माझ्या माशांवर बसणार. आणि बसलाच की!

*

सौदायझेशनचं वारं तेव्हा जोरात होतं. म्हणजे परदेशी माणसाच्या जागी सौदी माणूस बसवायचा. कुठल्या कंपनीत किती सौदी आहेत त्यावरून सरकार कंपन्यांना रंग द्यायचं. हिरवा असला तर ठीक. आमची कंपनी पिवळी होती, आणि वरचे लोक त्या रंगापायी हैराण झाले होते. कुणाची जागा यादीत आली, एवढीच चर्चा कँटीनमध्ये. लोक एकमेकांच्या ताटात बघायचे सोडून एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे.

बर्वेसाहेबांना पत्र आलं. एक वर्षाची मुदत. तेवढ्यात तुमच्या जागी येणाऱ्या सौदी इंजिनिअरला तयार करा, मग हँडओव्हर, मग एक्झिट. त्यांची तेवीस वर्षं झाली होती तिथे.

ते रडले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी कॅलेंडर काढलं. त्या वर्षाच्या शेवटी प्लँटचा एक सहा दिवसांचा शटडाउन होता. सगळं बंद करायचं, उघडायचं, दुरुस्त करायचं आणि परत चालू करायचं. त्याचं प्लॅनिंग ते दोन वर्षं करत होते. "शटडाउन संपल्यावर दोन दिवसांनी माझं वर्ष भरतंय," ते म्हणाले. "प्लँट परत चालू झालेला बघेन आणि जाईन. माझी एवढीच इच्छा आहे, मुकादम. बाकी काही नको."

आणि एक दिवस माजिद आला, साहेबांच्या जागी बसायचा सौदी इंजिनिअर. तिशीचा, बारीक दाढी, दोन मुलांचा बाप. वडील जुन्या बंदरावर मच्छिमार होते. पहिल्याच दिवशी पठ्ठ्या साडेनऊला उगवला. मीटिंग आठची!

त्या शुक्रवारी सावंतने साहेबांना सरळ सांगितलं, "एक काम करा. याला शिकवू नका. जे कॉम्प्युटरमध्ये आहे ते दाखवा. तुमच्या त्या लाल वहीतलं दाखवू नका. त्याला जमलं नाही की कंपनी झक मारत तुम्हाला ठेवेल. शिकवलंत की खलास!"

लाल वही म्हणजे साहेबांचा तेवीस वर्षांचा संसार. कुठला बोल्ट गंजलाय, कुठलं ड्रॉइंग चुकीचं आहे, कुठल्या ठेकेदाराचा क्रेन ऐन वेळी बंद पडतो, सगळं पेन्सिलने टिपलेलं.

मी काय म्हणालो? खोटं कशाला बोलू! मी म्हणालो, "सावंत बरोबर बोलतोय साहेब. वही घरी ठेवा."

आणि साहेबांनी वही घरी ठेवली.

*

माजिदला बैठकीत आणला तो वहिनींनी. एकदा खजूर द्यायला तो दारात आला तर त्यांनी सरळ आत बसवला. "माणूस दारातून परत पाठवायचा नसतो," म्हणाल्या. झालं, आमचं मराठी बंद! इंग्रजी, थोडं हिंदी, थोडी अरबी अशी खिचडी सुरू झाली. माजिद साहेबांना 'मुहंदिस' म्हणायचा, म्हणजे इंजिनिअर.

त्या दिवशी लॉर्डसाहेबांचा जो किस्सा निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. कारण पुढे... ते राहू दे. आधी किस्सा ऐका.

ब्रिटनच्या पार्लमेंटात जोडी लावायची पद्धत आहे. एका पक्षाचा एक आणि विरोधी पक्षाचा एक. एकाला काही कारणाने मतदानाला येता आलं नाही तर दुसऱ्यानेही जायचं नाही. म्हणजे दोन्हीकडचं एकेक मत कमी, हिशेब सारखा. याला कायदा नाही, कागद नाही, सही नाही. नुसता शब्द.

लॉर्ड बर्ट्रमची जोडी होती एका कोळसा खाणीतल्या मजुराशी, जो निवडून आला होता. हा ड्यूकचा पोर, तो खाणीतला. सभागृहात एकमेकांना फाडून खायचे. आता एक दिवस असा आला की सरकारचा एक ठराव अगदी काठावर होता. लॉर्डसाहेब सरकारात धाकटे मंत्री. आणि त्याच दिवशी त्या मजुराची बायको वारली. तो गावी गेला. लॉर्ड घरी बसून राहिला. पक्षाने गाडी पाठवली, माणसं पाठवली. तो म्हणाला, माझी जोडी गैरहजर आहे, मी येऊ शकत नाही. ठराव एका मताने पडला. महिन्याभरात लॉर्डचं मंत्रिपद गेलं. ते त्याला परत कधीच मिळालं नाही.

 सावंतने तोंडाशी नेलेला मासा परत बशीत ठेवला, म्हणजे बघा!

माजिदने विचारलं, "त्या मजुराने त्याला सांगितलं होतं का, येऊ नकोस म्हणून?"

"नाही. त्याला बायकोच्या दुःखात आठवणही नसेल."

"मग हा गेला असता तर कुणी काही म्हटलं नसतं?"

"कुणी काही नाही."

माजिदने खजुराची बी बशीत ठेवली. "तो वेडा होता," तो म्हणाला.

"हो," बर्वेसाहेब म्हणाले. "त्याच्या पक्षालाही तेच वाटलं."

*

माजिदचा उशीर चालूच होता. रोज नाही, पण आठवड्यातून तीन दिवस हमखास साडेनऊ. आमच्या प्लँट मॅनेजरने ते बरोबर हेरलं. तोही सौदी, पण मोठ्या घरचा. मच्छिमाराच्या मुलाला हेड करायचं त्याच्या मनात नव्हतंच. त्याचा स्वतःचा एक माणूस तयार होता. मीटिंगमध्ये माजिदची खुर्ची रिकामी दिसली की हा वहीत टिपून घ्यायचा.

एके दिवशी बर्वेसाहेब माजिदवर उखडले. मी समोर होतो. शांत माणूस, पण आवाज पार कँटीनपर्यंत गेला! "तुझ्यासाठी माझी नोकरी जातेय, आणि तुला आठला येता येत नाही?"

माजिद खाली बघत राहिला. मग म्हणाला, "आईला डायलिसिसला सोडतो. भाऊ रियाधला असतो. दुसरं कुणी नाही."

साहेबांचा चेहरा असा पडला! मलाच कसंतरी झालं. तीन महिने आम्ही त्या माणसाला आळशी, आळशी म्हणत होतो, आणि एकाने तोंड उघडून विचारलं नव्हतं की बाबा, का रे?

"हे मॅनेजरला का नाही सांगितलंस?"

"आईचं आजारपण सांगून मी सवलत मागू?" माजिद म्हणाला.

त्यानंतरच्या डायलिसिसच्या दिवशी आठला मीटिंग सुरू झाली तर माजिदची खुर्ची रिकामी, आणि तिच्या शेजारची बर्वेसाहेबांचीही रिकामी! तेवीस वर्षांत पहिल्यांदा. प्लॅनिंगचं कुणीच नाही म्हटल्यावर मीटिंग चालवायची कुणी? साहेब कुठे होते सांगू? माझ्या स्टोअरमध्ये, गॅस्केटच्या खोक्यावर बसून चहा पीत होते.

मॅनेजरचा फोन आला. साहेब म्हणाले, "माजिद नसताना प्लॅनिंगचा निर्णय घ्यायचा नाही. उद्या जागा त्याचीच आहे. आम्ही दोघंही साडेनऊला येऊ."

पुढच्या आठवड्यापासून त्या तीन दिवसांची मीटिंग साडेनऊची झाली. कुणी काही जाहीर केलं नाही. माजिदला ते कळलं माझ्याकडून. तो ऐकून घेऊन गेला, आणि संध्याकाळी माझ्या टेबलावर पाच किलोचा एक हामूर मासा येऊन पडला. मी म्हटलं, लॉर्डसाहेब, जोडी लावायची तर अशी लावा!

*

पण वही अजून घरीच होती. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण त्यात माझाही हात होता.

शटडाउनची तयारी सुरू झाली. एका मोठ्या टाकीचं झाकण उघडायचं होतं, त्यासाठी आधी उंच मचाण बांधावं लागतं. माजिदने ड्रॉइंग काढलं, नीट अभ्यास केला आणि उत्तरेच्या बाजूला मचाण बांधून घेतलं. बारा माणसं दोन दिवस उन्हात राबली. वर चढून बघतात तो झाकण दक्षिणेला! कधीतरी पूर्वी टाकी बदलताना बाजू फिरली होती, आणि ड्रॉइंगमध्ये कुणी दुरुस्ती केली नव्हती. दुरुस्ती होती फक्त लाल वहीत.

मॅनेजरने माजिदला सगळ्यांसमोर झाडला. ठेकेदार, फोरमन, हेल्पर सगळे उभे. "झाकण कुठे आहे ते ज्याला दिसत नाही, तो प्लँट काय चालवणार?" माजिदचे कान लाल झाले होते. बर्वेसाहेब बाजूला उभे होते. त्यांना माहीत होतं. ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या शुक्रवारी त्यांनी माशाला हात लावला नाही. माजिद होता, सावंत होता. साहेबांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही, तोंडानेच सांगायला लागले.

लॉर्ड बर्ट्रम पुढे निवडणूक हरला. हरवणारा एक साधा शाळामास्तर होता. तिकडे रीत अशी की निकाल लागला की हरलेल्यानेही त्याच मंचावर उभं राहून मोजणी नीट केल्याबद्दल अधिकाऱ्याचे आभार मानायचे. लॉर्डने मानले. घरी गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या मास्तरला एक वही पाठवली. स्वतःच्या हाताने लिहिलेली. मतदारसंघात कुणाचं छप्पर गळतंय, कुणाचं पेन्शन अडलंय, कुठल्या विधवेला पत्राचं उत्तर द्यायचं राहिलंय. सोबत एक ओळ लिहिली होती, "ही माणसं आता तुमची आहेत, त्यांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावू नका."

एवढं बोलून साहेब उठले. आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात लाल वही.

"झाकण दक्षिणेला आहे हे यात लिहिलंय," ते माजिदला म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी लिहिलंय. मला माहीत होतं. तुला बोलणी बसली तेव्हा मी गप्प उभा राहिलो. मला शरम वाटतेय, माजिद. ही घे."

माजिदने वही उघडून दोन-चार पानं उलटली. सावंत खिडकीबाहेर बघत होता. मी म्हटलं, "वही घरी ठेवा असं मीच म्हणालो होतो." माजिद म्हणाला, "माझ्या बापाला मासे कुठे लागतात ते त्याने शेजारच्या होडीला कधी सांगितलं नाही." मग हसला, आणि वहिनींना म्हणाला, चहा मिळेल का?

त्या दिवसापासून साहेबांनी सगळं शिकवलं. हातचं काही राखलं नाही. मचाण कोणत्या बाजूला बांधायचं इथपासून मॅनेजरला वाईट बातमी किती वाजता सांगायची इथपर्यंत!

*

आता गंमत ऐका. कसली गंमत, डोकं फुटायची वेळ! जो माणूस हजार कामांच्या तारखा तोंडपाठ सांगायचा, त्याने स्वतःची तारीख चुकवली.

सावंत एकदा काही कामाने एचआरमध्ये गेला होता. तिथल्या यादीत त्याने बर्वेसाहेबांचा शेवटचा दिवस बघितला आणि पळतच आला. गुरुवार. शटडाउन सुरू होणार त्याच्यानंतरच्या रविवारी!

साहेब म्हणाले, अशक्य. त्यांनी भिंतीवरचं मराठी कॅलेंडर काढलं. वहिनींनी त्यावर लाल पेनने गोल केला होता, पत्र आल्यापासून बरोबर एक वर्ष. शटडाउन संपून दोन दिवस. मग मी ते पत्र मागितलं. वाचलं आणि कपाळावर हात मारला. पत्रावरची तारीख हिजरी! इथलं सरकारी वर्ष चंद्राचं. ते आपल्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, तोही त्याच तारखेने चालतो. वीस वर्षं आम्ही हे जाणून होतो. नवीन माणसाला आम्हीच बजावून सांगायचो. आणि स्वतःच्या वेळी भिंतीवर नाशिकहून आलेलं कॅलेंडर!

वहिनी बिचाऱ्या त्या लाल गोलाकडे बघत राहिल्या. "मीच काढला हो गोल," एवढंच म्हणाल्या.

सावंत हार मानणारा नव्हे. त्याने एचआरचा नियम शोधून आणला. शटडाउनमध्ये कुठलीही हेडची जागा रिकामी ठेवायची नाही. हँडओव्हरच्या फॉर्मवर जागा घेणाऱ्याची सही झाली नसेल, तर जुनाच हेड शटडाउन संपेपर्यंत राहतो आणि कंपनी त्याच्या इकाम्याला मुदतवाढ घेते. "साहेब, फॉर्म अडवा! गुरुवारपर्यंत टाळा, बास. शुक्रवार-शनिवार ऑफिस बंद. रविवारी प्लँट तुमचा!"

"मी अडवणार नाही," साहेब म्हणाले. "माजिद तयार आहे. अडवला तर मॅनेजर म्हणेल, तो तयार नाही म्हणून अडवला. त्याला तेवढंच हवंय."

त्यावर त्यांनी लॉर्डचं शेवटचं प्रकरण सांगितलं. लॉर्ड दुसऱ्या ठिकाणाहून परत निवडून आला होता. दुसरं महायुद्ध तोंडावर आलेलं, सरकारचं धोरण त्याला पटेना, म्हणून सोडून जायचं ठरवलं. पण ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदाला राजीनामा देताच येत नाही! त्याने आधी राजाकडे एक नावापुरती नोकरी मागायची, ती मिळाली की मग सभासदत्व आपोआप जातं.

"म्हणजे बाहेर पडायलाही वरची परवानगी!" सावंत म्हणाला. "आपल्या एक्झिटला कफीलचा शिक्का लागतो तसं. साला, राजा म्हणजे कफीलच की लॉर्डचा!"

कफील म्हणजे ज्याच्या व्हिसावर माणूस इथे राहतो तो मालक. आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्या एकेक स्टीलचा डबा कागदात गुंडाळत होत्या.

*

तो गुरुवार. सकाळी दहाला सह्या ठरल्या होत्या. आणि पहाटेच बर्वेसाहेबांच्या पाठीत अशी कळ आली की उभं राहता येईना. मुतखडा! सावंतने गाडी काढली, आम्ही त्यांना हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाला, काळजीचं काही नाही, खडा बारीक आहे, उद्या घरी सोडतो.

इंजेक्शन देऊन त्यांना झोपवलं. पण झोपायच्या आधी माझा हात धरून म्हणाले, "मुकादम, माजिदला सांगा, माझ्यासाठी थांबू नकोस. एकट्याने सही कर. नव्या हेडची एचआरमधली यादी आज बंद होतेय. आज नाव चढलं नाही तर शटडाउननंतर मॅनेजर त्याचा माणूस बसवेल."

मी फोन केला, निरोप जसाच्या तसा दिला. माजिद म्हणाला, "बरं." मॅनेजरनेही त्याला तेच सांगितलं होतं. बर्वे नसला तरी चालेल, एचआरचा माणूस साक्षीला उभा राहील, दहाला ये, सही कर, मोकळा हो. बर्वेचं तिकीट हॉस्पिटलमध्ये पाठवून देऊ.

सावंत प्लँटवर गेला. वहिनी पलंगाशी बसल्या होत्या, मांडीवर साहेबांचा चष्मा. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. दहाला दहा कमी. मी मनात म्हटलं, आटपलं. तेवीस वर्षं, आणि तीन दिवसांसाठी हुकलं. मला साहेबांच्या खड्यापेक्षा त्या तीन दिवसांचा राग येत होता.

दहाला दार वाजलं.

माजिद आत आला. पांढरा शुभ्र इस्त्रीचा पायघोळ थोब, डोक्याला लाल चौकटीचा रुमाल, सहीसाठी जायचे कपडे. एका हातात अरबी कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात लाल वही. त्याने वहिनींना सलाम केला, साहेबांकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि बसला. मला एक कप भरून दिला.

"अरे, सही?" मी म्हणालो.

त्याने स्वतःचा कप भरला.

सव्वादहाला त्याचा फोन वाजला. मॅनेजर. आवाज एवढा मोठा की मला पलंगापलीकडे शब्दन् शब्द ऐकू येत होता. वीस वर्षांत अरबी तेवढी कळायला लागते.

"कुठे आहेस तू?"

"हॉस्पिटलमध्ये."

"कोण आजारी आहे? घरचं कुणी?"

"नाही. घरचं कुणी नाही."

"मग इथे ये! बारा वाजता ऑफिस बंद होतंय. फॉर्म माझ्या टेबलावर पडलाय."

"मी आज येऊ शकत नाही," माजिद म्हणाला. "मुहंदिस बर्वे गैरहजर आहेत."

"त्याची गरज नाही! त्यानेच तुला निरोप पाठवलाय ना?"

"पाठवलाय."

"मग?" पलीकडे टेबलावर हात आपटल्याचा आवाज झाला. "माजिद, नीट ऐक. बारापर्यंत तू आला नाहीस तर शटडाउनभर बर्वेच राहील, आणि नंतर तुझ्या जागी मी दुसरं नाव देईन. ही जागा तुला परत मिळणार नाही. कळतंय का तुला? वेडा आहेस का तू?"

माजिदने साहेबांकडे पाहिलं. ते जागे झाले होते. डोळे उघडे होते आणि भरून आले होते.

"हो साहेब," माजिद फोनमध्ये म्हणाला. "लॉर्डच्या पक्षालाही तेच वाटलं होतं."